पाऊण टक्क्याचं व्याज : उच्चशिक्षणमंत्र्यांना नाशिकहून खुलं पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी नाशिकचा, भूगोलाचा मास्तर. 31 वर्षं कॉलेजात शिकवलं, आता निवृत्त आहे. रिक्त जागा आणि पेन्शन यांवरच्या पत्रांचा ढीग आपल्या टेबलावर असेलच, त्यात मी भर घालत नाही. माझा प्रश्न आपल्या खात्याच्या हिशेबात किरकोळ ठरावा असा आहे. वेगवेगळ्या विषयांची शिकली-सवरलेली माणसं आपल्याकडे एकमेकांशी बोलतात कुठे?

मागच्या हिवाळ्यात आम्ही नऊ-दहा जण पांडवलेण्यावर गेलो होतो. आमचं एक छोटं मंडळ आहे. कार्यालय नाही, कपाट माझ्या घरी. दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. आमच्यातले इतिहासाचे सर एकेक ओळ वाचून अर्थ सांगत होते. उषवदाताने भिक्षुसंघाला 3,000 कार्षापण (त्या काळचं नाणं) दिले, तेही रोख हातात न देता गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, गुंतवून. एका कोलिक निकायाकडे, म्हणजे विणकरांच्या संघाकडे, 2,000, शेकडा महिना एक व्याजाने. दुसऱ्याकडे 1,000, शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत मागायची नाही, नुसतं व्याज खायचं. लेखात याला शब्द आहे ‘अखयनिवी’, म्हणजे अक्षयनीवी.

अर्थशास्त्राच्या मॅडम मध्येच म्हणाल्या, “थांबा. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाचे 240.” सरांनी पुढची ओळ वाचली : लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस! मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेर फोटो काढणारं जोडपं आत डोकावलं.

तेवढ्यात मराठीचे सर ‘पायून पडिकशत’ (शेकडा पाऊण) हे शब्द पुन्हा वाचायला सांगू लागले. पायून, म्हणजे आपला पाऊण. बाजारात आपण पाऊण किलो भेंडी मागतो तो. भाषेचा इतिहास त्यांनी वर्षानुवर्षं शिकवला होता, पण हा शब्द दगडात पाहायला कधी आले नव्हते. आमच्यात येवल्याचा एक तरुण होता, घरी हातमाग असलेला. त्याचा प्रश्न साधा होता : विणकरांना हे पैसे लागत कशाला? उत्तरही त्यानेच दिलं. सूत आधी घ्यावं लागतं, माल विकून पैसा मागाहून येतो, मधले दिवस काढायला कुणाचं तरी भांडवल लागतं. मग दुसरा निकाय पाऊणच का देत होता? यावर तीन मतं पडली आणि भांडण पायथ्याच्या चहापर्यंत चाललं.

आम्ही नवं काही शोधलं नाही, हे आधीच कबूल करतो. हा लेख विद्वानांनी कधीच वाचून छापला आहे. पण चार विषयांची चार माणसं त्या ओसरीतून आपापल्या वर्गात काहीतरी घेऊन गेली. मला अप्रूप आहे ते त्याचं.

मोठ्या पातळीवर हेच काम विद्वानांच्या सभांनी आणि मंडळांनी केलं. नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 साली नहपानाच्या 13,250 चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश गौतमीपुत्राने निःशेष केला, असं पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्याचा लेख सांगत होताच. आता नाण्यांनी त्याला साक्ष दिली. तो साठा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लिपी वाचणारे आणि नाणी तपासणारे एकाच पुठ्ठ्यात बांधले जात होते, म्हणून एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या कानावर पडलं.

भारतीय विज्ञान परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी 1914 मध्ये कलकत्त्याला भरलं. 105 माणसं, 35 निबंध, सहा विभाग. भौतिकी, रसायन, भूशास्त्र, वनस्पती आणि प्राणिशास्त्राच्या जोडीला मानववंशाचा अभ्यासही होता, आणि अध्यक्ष होते आशुतोष मुखर्जी, हाडाचे गणिती आणि पेशाने न्यायाधीश. त्या परिषदेचं 2023 चं अधिवेशन आपल्या नागपुरात झालं. 2024 चं झालंच नाही. आपल्याकडे पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 चं, मराठी विज्ञान परिषद 1966 ची. आज मराठीत इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल अशा बहुतेक विषयांना आपापली परिषद आहे. प्रत्येकीचं अधिवेशन वेगळ्या गावी, वेगळ्या तारखांना. तिथेही सगळं आलबेल नाही. हारतुरे, मनोगतं, आणि जेवणानंतर रिकाम्या खुर्च्यांपुढे वाचलेले निबंध. प्रमाणपत्रांच्या टेबलाशी मात्र रांग. मीही त्या रांगेत उभा राहिलो आहे.

आमच्या मंडळात एकदा सटाण्याचे एक डाळिंब बागायतदार बोलायला आले. म्हणाले, ताण दिल्याशिवाय झाड फुलत नाही. मानसशास्त्राच्या मॅडमच्या कपाळाला आठ्या. त्यांचं निम्मं आयुष्य मुलांचा ताण कमी करण्यात गेलेलं. स्थापत्यवाल्या सरांच्या डोक्यात तारेतला ताण. दहा मिनिटं तिघं तीन गोष्टींबद्दल बोलत होते आणि कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. मग बागायतदारांनी उलगडून सांगितलं : बहार धरायचा तर पाणी तोडायचं, पानगळ होऊ द्यायची, मग पाणी सोडायचं. मॅडमनी विचारलं, “किती दिवस तोडलं की झाड जातं?” ते म्हणाले, “जमिनीवर आहे. मुरमाड रानात लवकर सोडावं लागतं, भारी काळ्या रानात जास्त दिवस खेचता येतं.” हे ऐकून मॅडम वहीत काहीतरी लिहीत बसल्या. काय ते त्यांनी अजून दाखवलेलं नाही.

आता आपल्या खात्याकडे येतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणामुळे विज्ञानाच्या मुलाला ओपन इलेक्टिव्ह म्हणून दुसऱ्या विद्याशाखेचा विषय घ्यावा लागतो. सक्ती मुलांवर झाली, मास्तर मोकळे राहिले. वर वर्णन केलेल्या अर्थशास्त्राच्या मॅडमनी पुढे इतिहासाच्या एका अधिवेशनाला जायला कर्तव्य रजा मागितली. कार्यालयाने अर्जावर शेरा मारला : विषयाशी संबंध काय? त्यांनी किरकोळ रजा टाकली आणि गेल्या. तिथे वाचलेला निबंध कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाईलला लावला, तर तिथेही तोच प्रश्न. दुसऱ्या विषयाच्या परिषदेत हजेरी लावणं, निबंध वाचणं हे कर्तव्य रजेला आणि बढतीला ग्राह्य आहे, एवढं एका ओळीचं परिपत्रक काढता आलं तर पाहावं. त्याला पैसा लागत नाही.

पैसा दुसऱ्या गोष्टीला लागेल. दोन-तीन परिषदांनी एकाच गावी, एकाच आठवड्यात अधिवेशन भरवावं आणि मधला एक दिवस सामाईक ठेवावा. कॅनडात मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या कितीतरी संघटना दशकानुदशकं एकाच विद्यापीठाच्या आवारात एकत्र भरत आल्या आहेत. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञही वार्षिक मेळावा भावंड-विषयांच्या संघटनांसोबत घेतात. आपल्याकडे अशाला अनुदान मिळालंच तर ते फेब्रुवारीत येतं आणि 31 मार्चच्या आत संपवून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या घाईत मंडप होतो, बोलणं होत नाही.

म्हणून उषवदाताचा मार्ग सुचवतो. 50 लाखांची अक्षयनीवी ठेवा. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला सव्वातीन लाख होतील, सामाईक दिवसाला ते पुष्कळ झाले. (उषवदाताचा पाऊण दरसाल नऊ टक्के पडतो, तेवढं आज बँकेत कुठलं मिळायला.) अट एकच घाला : कुठल्याही एका परिषदेला त्यातला छदाम मिळणार नाही. निदान दोन विद्याशाखांच्या परिषदांनी एकत्र अर्ज करायचा, आणि त्या दिवशी बोलणाऱ्याने आपल्या विषयाच्या श्रोत्यांपुढे बोलायचं नाही.

पहिला दिवस नाशिकला घ्या. सिंहस्थ 2027 मध्ये आहे. 27 ऑगस्ट 2003 च्या चेंगराचेंगरीत इथे 39 माणसं गेली, ते गाव विसरलेलं नाही. उतार, अरुंद गल्ली, पर्वणीची वेळ, माणसांची घाई, पोलिसांचे कठडे, यांतली कुठलीच गोष्ट एका विषयाच्या ताब्यात नाही. पाण्याचा आणि मातीचा अभ्यास करणारी ‘मेरी’ ही संशोधन संस्था दिंडोरी रोडला, आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, नाणेशास्त्राची संस्था अंजनेरीला, पोलीस अकादमी त्र्यंबक रोडला. ही माणसं एका खोलीत बसलेली मी तरी पाहिलेली नाहीत. खोलीची सोयही आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला आहे. उषवदाताने पैसे ठेवले तेही गोवर्धनलाच. अक्षयनीवी तिथेच ठेवावी, ही विनंती.

आपला,
भूगोलाचा एक निवृत्त मास्तर,
गंगापूर रोड, नाशिक

ता. क. : दुसरा निकाय पाऊणच व्याज का देत होता, याचं कारण आपल्या खात्यात कुणाला सुचलं तर जरूर कळवावं. आमचं भांडण अजून मिटलेलं नाही.