त्या दालनातल्या दोघांचे आभार

समकालीन कलेचं ते छोटं, मोफत संग्रहालय परिसरातले लोकच चालवतात. तिथल्या लुकलुकत्या व्हिडिओ मांडणीसमोर माझ्या भावाला फिट आली आणि तो कोसळला. मला काहीच सुचेना.

दाराशी बसणाऱ्या ताईंनी आधी प्रोजेक्टर बंद केला. झपाट्याने उघडझाप करणाऱ्या प्रकाशाने काहींना फिट येऊ शकते, हे त्यांना ठाऊक होतं. तरुण स्वयंसेवकाने शेजारचं शिल्प सरकवून आपलं जॅकेट भावाच्या डोक्याखाली ठेवलं. कुणीतरी तोंडात रुमाल कोंबायला पुढे झालं, त्याला ताईंनी ठामपणे अडवलं. हातपायही दाबून धरू दिले नाहीत. नजर घड्याळावर. 5 मिनिटांच्या पुढे गेलं तर रुग्णवाहिका, असं त्यांनी सांगून ठेवलं. त्याआधीच झटके थांबले, मग भावाला कुशीवर वळवलं.

भावाचे कपडे ओले झाले होते. त्या तरुणाने न सांगता सगळ्यांना बाहेर नेलं आणि स्वतः पाठमोरा दारात उभा राहिला. शुद्धीवर येताना भावावर एकही परकी नजर नव्हती. ताई हळू आवाजात सांगत होत्या, तू कुठे आहेस, काय झालं, सोबत कोण आहे.

दोघांची नावं मला माहीत नाहीत. ताई, दादा, तुमचे मनापासून आभार.