गल्ली ओळखणारा हवालदार हवा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी तीस वर्षे शाळेत शिकवले. दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने, वय वर्षे सतरा, मोबाईलवर एक स्टेटस ठेवले. कुठून तरी आलेले चित्र होते. त्याचा अर्थ त्याला स्वतःलाही धड सांगता येत नव्हता. रात्री दहापर्यंत चौकात चारशे माणसे जमली. मुलाच्या वडिलांना ओळखणारे त्यांत निम्मे तरी असतील, पण मध्ये पडायला कोणी धजावले नाही. आमच्या भागाचे बीट हवालदार पंधरा दिवसांपूर्वीच बदलून गेले होते. नव्यांना ना मुलाचे घर माहीत, ना जमावातली पोरे. बाजार दोन दिवस बंद राहिला. त्या मुलाचे कुटुंब गाव सोडून गेले, ते अजून परतलेले नाही.

जून २०२३मध्ये कोल्हापुरात आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत काय झाले, ते आपल्याला माहीत आहे. दोन्हीकडे ठिणगी मोबाईलवरच्या मजकुरानेच पडली. पुसेसावळीत तर मशिदीत एका तरुणाचा जीव गेला.

शांतता समित्या आहेत, हे मी जाणतो. गणपतीच्या आधी बैठक होते, चहा होतो, तेच सात-आठ पुढारी तीच भाषणे करतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण गैरसमज गल्लीत जन्मतो आणि ही माणसे गल्लीत राहत नाहीत.

साहेब, याचे उत्तर आपल्याच पोलीस दलाने शोधलेले आहे. भिवंडी १९७०मध्ये पेटली, १९८४मध्ये पुन्हा पेटली. १९८८मध्ये तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी त्यांनी दोन्ही समाजांतली साधी माणसे घेतली आणि हवालदाराला त्यांच्याशी जोडून दिले. दंगलीचा विषय निघण्याआधी ही माणसे पाणी, गटार, शेजाऱ्यांची भांडणे यांवर एकत्र बसू लागली होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ज्यांच्याशी चार वर्षे नळाच्या पाण्यावर बोललो, त्यांच्याबद्दलची अफवा माणूस चटकन गिळत नाही, एवढेच त्यामागे आहे असे मला वाटते. पुढे १९९४मध्ये मुंबईतही मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली, तिचा आधारही हाच होता.

लोकांना समजूतदारपणा शिकवावा लागत नाही. २८ सप्टेंबर २०२३ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या, तेव्हा मुंबईत खिलाफत कमिटीने आपला जुलूस एक दिवस पुढे नेला. सरकारने २९ तारखेची सुट्टी दिली. २०२४ आणि २०२५मध्येही मुंबईतला जुलूस विसर्जनानंतर निघाला. आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा अनेक गावांतल्या मुसलमानांनी आपणहून त्या दिवशी कुर्बानी केली नाही. अशा गोष्टी बोलणे चालू असेल तिथे सहज होतात. आमच्याकडे ते बोलणेच तुटले आहे.

म्हणून मागणी करतो. प्रत्येक बीटमध्ये कायमची मोहल्ला कमिटी असावी, ती सण असो-नसो महिन्यातून एकदा बसावी. तीत बायका असाव्यात (आमच्या गल्लीत कोणाच्या घरात काय चालले आहे हे त्यांनाच आधी कळते), मंडळांची पोरे असावीत, रिक्षावाले असावेत. बीट हवालदाराची बदली सणांच्या तोंडावर होऊ नये. झालीच तर जुन्याने नव्याला घेऊन गल्लीतून फिरावे, दारोदार ओळख करून द्यावी. अफवा उठली की ठाण्याने खरे काय ते तासाभरात कमिटीला सांगावे. गृहमंत्री असताना आर. आर. पाटील यांनी २००७मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा गावोगाव समित्या झाल्या होत्या. शासनाने मनावर घेतले तर यंत्रणा उभी राहते, हे आम्ही तेव्हा पाहिले आहे.

आमच्या गल्लीतल्या अकरा जणांनी नावे दिली आहेत, सहा हिंदू, पाच मुसलमान, त्यांत चार बायका. जागाही ठरली आहे : शाळेची खोली, रविवारी ती रिकामी असते. आपल्या ठाण्यातून एक माणूस तेवढा पाठवा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक