पट 31, पण आठवडा बघायला या

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि. तुमचा पेपर मी रोज वाचतो, माझ्या दुकानातच येतो, लोक फुकट वाचून जातात ते वेगळं. आमच्या बाजूच्या जिल्हा परिषद शाळांबद्दल त्यात दोनच वेळा छापून येतं, एक म्हणजे छताचा गिलावा पडला की, आणि दुसरं म्हणजे कमी पटाच्या शाळांची यादी आली की. त्या यादीत आमची शाळा असते, पहिली ते चौथी, पट 31, शिक्षक दोन. माझं किराणा दुकान शाळेच्या अगदी समोर आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीत पण आहे, म्हणून संक्रांतीच्या आठवड्यात काय काय झालं ते कळवतो.

सोमवारी 12 जानेवारी, जिजाऊ जयंती. तिसरीतल्या एका पोरीचं भाषण होतं. तिचे आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेत, तिकडं सांगली साईडला कुठल्यातरी उसाच्या फडावर, पोरगी आजीजवळ. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मं गाव असंच रिकामं होतं आणि उन्हाळा लागल्यावर परत येतं, हे तुम्हाला बीड जिल्ह्यात राहून सांगायला नको. तर बाईंनी काय केलं, स्वतःच्या मोबाईलवरून तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन समोर धरला. भाषण सिंदखेड राजापासून सुरू झालं ते मधेच अडकलं, तर तिकडून आई ओरडली, "पुढं बोल की गं, मुकादम बोलावतोय!" सगळी शाळा हसली, ती पण हसली, आणि उरलेलं भाषण एका दमात म्हणून टाकलं.

मंगळवारी भोगी. खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी आदल्या दिवशीच लेकरांना सांगून ठेवलं होतं की घरात असेल ती भाजी घेऊन या. कुणी वालाच्या शेंगा आणल्या, कुणी गाजर, वांगी, ओला हरभरा, एकानं तर नुसती चार बोरं आणली. सरकारी हिशोब माणशी 100 ग्रॅम तांदळाचा, म्हणजे सगळी हजर असली तर 3 किलो 100 ग्रॅम, त्यात भोगीची भाजी कुठं बसत नाही, पण त्या दिवशी बसवली. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी ताईंनी घरून थापून आणल्या, अडीच हजार मानधनातली बाई आहे ती, हे पण छापा.

बुधवारी संक्रांतीची सुट्टी. गुरुवारी केंद्राच्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या मिळून स्पर्धा. खो-खोला मैदानात नऊ पोरी लागतात आणि आमच्या तिसरी-चौथीच्या मिळून आठच भरल्या, बाकीच्या आईबापासोबत फडावर. मग गुरुजींनी दुसरीतली एक बारकी घेतली, नुसती संख्या भरायला. ती पोरगी कुणाला सापडेचना राव! एवढीशी असल्यामुळं खांबाजवळ अशी वळायची की पाठलाग करणारी पुढंच निघून जायची. फायनल एका गुणानं गेली. हरल्याचं वाईट वाटलंच, मी दुकान बंद ठेवून गेलो होतो, पण येताना टेम्पोत पोरी असल्या ओरडत होत्या की बघणाऱ्याला वाटावं जिंकूनच आल्या.

शुक्रवारचं जास्त लिहीत नाही. एक शिक्षक दिवसभर ऑनलाईन माहिती भरत बसले, रेंज नव्हती म्हणून माझ्या दुकानाच्या पायरीवर, आणि चारही वर्ग बाईंनी एकटीनं सांभाळले. कशाची माहिती होती विचारलं तर म्हणले, मागच्या महिन्यात भरली तीच.

शनिवारी सकाळची शाळा, आणि बालबाजार. दप्तर नाही, सगळ्यांनी पोत्यावर दुकानं मांडली, बोरं, हुरडा, हरभऱ्याचे ढाळे, भेळ, एका पोरीनं तर चहा ठेवला होता 5 रुपयाला. माझ्या दुकानात बारा वाजेपर्यंत एक गिऱ्हाईक नाही, खोटं नाही सांगत. चौथीतल्या एका पोराकडून मी 15 रुपयाचे ढाळे घेतले, 20 ची नोट दिली तर सुट्टे नाहीत म्हणाला, वहीत लिहून घेतलं. हाच पोरगा जूनमध्ये वजाबाकीत हातचा घ्यायचा विसरायचा, बाईंनी मला स्वतः सांगितलं होतं.

तर साहेब, पुढची ती यादी छापायच्या आधी तुमचा वार्ताहर एक आठवडा इकडं पाठवा, आणि जूनमध्ये नको, आत्ता, गाव फडावर असताना पाठवा. जेवायची सोय माझ्याकडं.

आणि हो, सोमवारी दुकान उघडायच्या आधीच तो पोरगा 5 रुपये घेऊन पायरीवर बसला होता, वही घेऊन, खोडायला.

आपला,
शाळेसमोरचा किराणावाला
ता. पाटोदा, जि. बीड