डबलबारीच्या आधी संगणक उठवून दिलात, त्याबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार.

चतुर्थीत आमच्या भजनी मंडळाची डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, रंगली. त्यात तुमचा वाटा किती, हे तुम्हाला कुणी येऊन सांगितलं नसेल. पैसे तर घेतले नाहीतच, तेव्हा निदान चारचौघांत आभार मानू द्या.

मंडळाच्या खोलीतला तो कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा जुना संगणक अजून कशाला ठेवलाय, असं बाहेरच्याला वाटतं. पण आमची पोरं पखवाज त्याच्यावरच शिकतात. जुन्या बाऱ्यांचं चित्रण व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवर लावायचं, चौकटी कंसाची कळ दाबून वेग उतरवायचा आणि हात कसा पडतो ते बघायचं. वेग उतरला तरी सूर उतरत नाही, म्हणून हाच प्लेअर. विंडोज १० टाकल्यापासून मात्र आवाज येई आणि चित्राच्या जागी काळोख. मध्येच डायरेक्ट थ्रीडीची (ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेची) एरर दाखवून प्लेअर बंद पडे. नुसता आवाज ऐकून पखवाज येत नाही, ताई. थाप कुठे पडली ते डोळ्यांना दिसावं लागतं.

ज्याला दाखवावं तो म्हणे फॉरमॅट मारा, नाहीतर नवा घ्या. तुम्ही आधी डिव्हाइस मॅनेजर उघडलात. डिस्प्लेखाली नाव होतं ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’. म्हणजे मदरबोर्डवरच्या ग्राफिक्स चिपला तिचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर, मिळालेलाच नव्हता. विंडोज आपल्या कामचलाऊ ड्रायव्हरवर दिवस काढत होतं. मग तुम्ही जे सांगितलंत ते माझ्यासारख्या साठी उलटलेल्या माणसालाही कळलं: व्हिडिओची फाइल उलगडणं हे एक काम आणि उलगडलेलं चित्र पडद्यावर मांडणं हे दुसरं. आमची गाडी दोन्हीकडे अडत होती, आणि दोन्हीचे इलाज वेगळे.

पोरांचा सराव बुडू नये म्हणून आधी तात्पुरती सोय केलीत. कंट्रोल-पी, व्हिडिओ, आउटपुटमध्ये ‘ऑटोमॅटिक’ काढून ‘विंडोज जीडीआय’ (चित्र मांडायची विंडोजची जुनी, साधी पद्धत), सेव्ह, आणि प्लेअर बंद करून पुन्हा चालू. चित्र आलं! फुल स्क्रीनला जरा अडखळे, कारण चित्र लहानमोठं करायचा सगळा भार प्रोसेसरवर. पण आलं. खरा ड्रायव्हर मात्र तुम्ही चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून, विंडोज ७ च्या काळातला, शोधून काढलात. तो बसवण्याआधी रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर आधीच्या स्थितीत परतायची खूण) करून ठेवलात, हे मला फार आवडलं. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर नवे करून देतो म्हणणारं सॉफ्टवेअर कुणीतरी आधीच टाकून ठेवलं होतं, ते पाहून तुमच्या कपाळावर आलेली आठीही लक्षात आहे. ते तुम्ही तिथल्या तिथे काढून टाकलंत. मशीन रिस्टार्ट केल्यावर आउटपुट डायरेक्ट थ्रीडी ९ वर नेलंत, आणि फुल स्क्रीनही सुरळीत चालू लागली.

उरलं उलगडण्याचं काम. ‘इनपुट/कोडेक्स’मधलं हार्डवेअर डीकोडिंग, म्हणजे फाइल उलगडायचं काम ग्राफिक्स चिपवर टाकणं, तुम्ही ‘डिसेबल’ केलंत. या चिपला जे जमत नाही ते तिच्या गळ्यात मारायचंच कशाला, हे तुमचं म्हणणं मला पटलं. तरी गेल्या वर्षीची बारी अडकतच होती. ती पोरांनी नव्या फोनवर एचईव्हीसीमध्ये घेतलेली. व्हिडिओ आवळून साठवायच्या या दोन पद्धती: एच.२६४ हे २००३ चं, एचईव्हीसी २०१३ चं. २००६ साली बाजारात आलेल्या जातीच्या प्रोसेसरला ते एकट्याने ओढणं जड जाणारच. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर एच.२६४ आणि ७२० (चित्राची उंची ७२० ठिपके) करून घ्या म्हणालात. आता रात्री लावून ठेवतो, सकाळी फाइल तयार असते. पोरांनाही बजावलंय, चित्रण करताना फोनमधला जागा वाचवणारा पर्याय बंद ठेवा.

व्हीएलसी १९९६ साली पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालं आणि २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. फुकट वापरतो, पण कुणाचं ते आज समजलं.

तुम्ही लिहून दिलेला कागद सीपीयूच्या वर चिकटवला आहे. पलीकडच्या वाडीतल्या शाळेचा संगणकही याच तक्रारीने पडून आहे. मुख्याध्यापकांना त्या कागदाची झेरॉक्स दिली. अडलं तर ते तुमच्या दुकानात येतील. त्यांच्याकडून मात्र पैसे घ्या.

आपला नम्र,
भजनी मंडळाचा म्हातारा पखवाजी