सी-41 किटमधला डेव्हलपर निकामी निघाल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: घरी रंगीत फिल्म धुण्याच्या 1 लिटरच्या सी-41 किटमधील निकामी डेव्हलपर (फिल्मवर प्रतिमा उमटवणारा द्राव), पॅकवर नसलेली उत्पादनाची तारीख आणि चुकीचे माहितीपत्रक

महोदय,

आपल्या किटवर धुतलेला पहिलाच 35 मि.मी. रोल जवळपास कोरा निघाला. तक्रार केल्यावर ‘तापमान कमी पडले असेल किंवा कॅमेऱ्यात एक्स्पोजर चुकले असेल’ असे उत्तर आपल्या विभागाने पाठवले. ही दोन्ही कारणे मला मान्य नाहीत.

एक्स्पोजरचे आधी सांगतो. फिल्मच्या कडेवरचे फ्रेमचे आकडे आणि फिल्मचे नाव कारखान्यातच प्रकाश देऊन उमटवलेले असते. कॅमेऱ्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. या निगेटिव्हवर तेच आकडे इतके पुसट आहेत की दिव्यासमोर तिरके धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. म्हणजे खोट धुण्यात आहे, फोटो काढण्यात नाही.

आता तापमान. डेव्हलपर 37.8 अंश सेल्सिअसला 3 मिनिटे 15 सेकंद चालवला, बाटल्या आणि टँक आधीपासून त्याच तापमानाच्या पाण्यात ठेवून. नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणीच याहून गरम येते, ते बर्फ घालून खाली आणावे लागते. चूक झालीच असती तर तापमान वर गेले असते आणि निगेटिव्ह गडद झाली असती, फिकी नव्हे. पाणी आरओचे होते. जड पाण्याने फार तर पांढरा साका बसतो, प्रतिमा नाहीशी होत नाही.

शंका राहू नये म्हणून एकाच रोलच्या लीडरचे, म्हणजे उजेड लागलेल्या सुरुवातीच्या टोकाचे, दोन तुकडे कापले. एक आपल्या डेव्हलपरमध्ये, दुसरा अन्य ठिकाणाहून आणलेल्या ताज्या डेव्हलपरमध्ये. वेळ आणि तापमान तेच. नंतर दोन्ही आपल्याच किटच्या ब्लिक्समधून (फिल्ममधली चांदी काढून प्रतिमा पक्की करणारा द्राव) काढले. पूर्ण उजेड खाल्लेला लीडर काळाकुट्ट व्हायला हवा. दुसरा तसा झाला. आपला फिकट नारिंगी राहिला, पलीकडची अक्षरे आरपार दिसतात. ब्लिक्स ठीक आहे, डेव्हलपर मेलेला आहे. ब्लिक्स अपुरे पडले असते तर चांदी मागे राहून निगेटिव्ह मळकट दिसली असती, आणि पुन्हा ब्लिक्स करून ती सुधारता आली असती. इथे रंगच तयार झालेला नाही, तो आता कशानेही परत येणार नाही.

कारण बाटलीतच दिसते. सीडी-4, म्हणजे डेव्हलपरमधले मुख्य रसायन, असलेला द्राव काळ्या कॉफीसारखा आहे. हलकी तांबूस छटा असती तर तक्रार केली नसती, तेवढी चालते. झाकणाखालचे सील एका कडेला सुटले आहे, आट्यांवर तपकिरी खर धरली आहे आणि बाटलीचा वरचा चतुर्थांश भाग हवेचा आहे. सल्फाइट असेपर्यंत सीडी-4 ला हवेपासून संरक्षण मिळते. ते संपले की सीडी-4 चे ऑक्सिडेशन होते, आणि भर उन्हाळ्यात ट्रकमधून आलेल्या मालात ते झपाट्याने होते. पॅकवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष कुठेच नाही. ते छापणे कायद्याने बंधनकारक आहे, शिवाय या रसायनांत तीच माहिती सर्वांत मोलाची असते.

माहितीपत्रकाबद्दलही लिहिणे भाग आहे, कारण चांगल्या किटचाही ते घात करेल.

डेव्हलपरचे ‘तिन्ही भाग एकत्र करून पाणी घाला’ असे त्यात छापले आहे. सीडी-4 चा घट्ट द्राव थेट अल्कलीच्या घट्ट द्रावात पडला तर साका धरतो. आधी 600 ते 700 मि.ली. कोमट पाणी, मग एकेक भाग क्रमाने, प्रत्येक पूर्ण विरघळल्यावर पुढचा, आणि शेवटी 1 लिटरपर्यंत पाणी, असे छापा. डेव्हलपर आणि ब्लिक्सचे मोजपात्र व नरसाळे वेगळे ठेवा, हेही ठळक हवे. ब्लिक्सचे थोडे थेंबही डेव्हलपर नासवतात.

डेव्हलपरनंतर लगेच ब्लिक्स ओतायला सांगितले आहे. डेव्हलपरमधला कार्बोनेट आम्लधर्मी ब्लिक्समध्ये गेला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टँकचे झाकण उडते. मध्ये स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारा द्राव) किंवा निदान पाण्याची एक खेप हवी, आणि सुरुवातीला दोन-तीनदा झाकण किंचित उघडून वायू सोडायला सांगायला हवे.

‘16 रोल, प्रत्येकी 3 मिनिटे 15 सेकंद’ ही तर दिशाभूल आहे. डेव्हलपर प्रत्येक रोलगणिक थकतो. दर रोलमागे साधारण 2 टक्के, म्हणजे 4 सेकंद वाढवावे लागतात. 1 लिटरमध्ये 8 रोल हा भरवशाचा आकडा आहे. त्यापुढचे ग्राहकाने स्वतःच्या जबाबदारीवर करावेत, असे स्पष्ट लिहा.

माझी मागणी अशी: किटची पूर्ण रक्कम आणि वाया गेलेल्या रोलची किंमत परत मिळावी. त्याच बॅचचा उरलेला माल विक्रीतून काढावा. डेव्हलपरचे भाग गच्च भरलेल्या, हवा आत न जाणाऱ्या बाटल्यांत द्यावेत आणि त्यांवर तारीख छापावी.

बिलाची प्रत, बाटलीच्या सीलचे फोटो आणि लीडरचे दोन्ही तुकडे सोबत पाठवत आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

कळावे,
आपला ग्राहक
(नाव व पत्ता बिलावर)