बॉटने लिहिलेल्या कोडची जबाबदारी कोणाची?

महोदय,

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी वृत्तपत्रांतून होणारी चर्चा बहुतेक वेळा नोकऱ्या राहतील की जातील, या प्रश्नाभोवतीच फिरते. हिंजवडी-खराडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांसमोर मात्र सध्या त्याहून लहान, पण रोजचा एक प्रश्न आहे, आणि तो जबाबदारीचा आहे.

स्लॅक किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्स ही संदेशांची ॲप्स आमच्या कामाची चावडी झाली आहेत. ग्राहकाची तक्रार, बग (कोडमधली चूक) कुठे असावा याविषयीचे तर्कवितर्क आणि अधूनमधून थट्टा, सारे तिथेच चालते. या ठिकाणी बॉट, म्हणजे सांगितलेले काम आपोआप करणारा प्रोग्राम, असणे नवे नाही. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबने आपला ह्युबॉट हा बॉट २०११ मध्येच सर्वांसाठी खुला केला होता. पण असे बॉट ठरवून दिलेल्या आज्ञाच पाळत, आणि आज्ञा कोणी दिली हे सर्वांना दिसत असे. आता कोपायलट किंवा क्लॉड या एआय सहायकाला थ्रेडमध्ये (एका विषयावरच्या संदेशांच्या मालिकेत) टॅग केले, म्हणजे नाव घेऊन बोलावले, की तो आधीचे संदेश वाचतो, काय हवे आहे याचा अर्थ स्वतः लावतो, कोड बदलतो आणि पुल रिक्वेस्टपर्यंत (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीपर्यंत) काम नेऊन ठेवतो.

ही सोय मोठी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. किरकोळ दुरुस्त्या, तयार कोडच्या जुन्या लायब्ररींची नवी आवृत्ती बसवणे, राहून गेलेल्या टेस्ट (कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम) लिहिणे अशी कंटाळवाणी कामे तो बिनतक्रार करतो. अडचण अशी की, थ्रेडमधले कोणाचे म्हणणे अंतिम होते, कोणती सूचना नंतर मागे घेतली गेली आणि कोणते वाक्य वैतागून लिहिले होते, हे टीममधल्या माणसाला न सांगता कळते. बॉटला ते कळेलच याची खात्री नसते. त्यातच ग्राहकाच्या ई-मेलमधला मजकूर कोणी थ्रेडमध्ये जसाच्या तसा चिकटवला, तर त्यात दडवलेली सूचनाही तो आज्ञा समजून पाळू शकतो. स्लॅकच्या स्वतःच्या एआय सुविधेला अशा रीतीने फसवून खासगी चॅनेलमधील माहिती बाहेर काढता येते, असे सुरक्षा संशोधकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये दाखवून दिले होते. स्लॅकने त्यानंतर ती त्रुटी दूर केली.

बदल अंगाशी आला की प्रत्येकाकडे उत्तर तयार असते. टॅग करणारा म्हणतो, कोड बॉटने लिहिला; रिव्ह्यू करणारा, म्हणजे बदल तपासणारा, म्हणतो, टेस्ट तर पास झाल्या होत्या; आणि ‘ही तपासणी काढली तरी चालेल’ असे ज्याने सहज लिहिलेले असते, तो म्हणतो, मी फक्त मत दिले होते. तोंडी बजावण्यावर विसंबता येत नाही, हे जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोड लिहिण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात जगाने पाहिले: कोणताही बदल करू नको असे सांगितलेले असतानाही त्या कंपनीच्या एजंटने (स्वतः कामे करणाऱ्या एआयने) एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. बॉटला चालू डेटाबेसपर्यंत पोहोचण्याची परवानगीच नसणे, हाच त्यावरचा खरा बंदोबस्त आहे.

म्हणून, ज्याने टॅग केले त्याचेच नाव त्या बदलावर राहावे आणि मंजुरी दुसऱ्याच माणसाने द्यावी. गिटहबने आपल्या कोपायलट एजंटसाठी काम सांगणाऱ्याची मंजुरी न धरण्याचा नियम ठेवला आहे, तो मला योग्य वाटतो. तिघाचौघांच्या टीमला तो जाचक वाटेल, आणि ‘रिव्ह्यूही बॉटकडूनच करून घेऊ’ असा मोह होईल. पण मग त्या कोडविषयी उत्तर देऊ शकेल असा माणूसच उरत नाही. त्याचप्रमाणे ‘जरा बघ रे हे’ एवढ्यावर बॉटला कामाला न लावता, नेमके काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे टॅग करणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे. बॉट टाळण्याचे कारण नाही, पण या दोन मिनिटांचाही ज्यांना कंटाळा येतो, त्यांच्या हाती तो देऊ नये.

पुण्यातील अनेक कंपन्या परदेशी ग्राहकांसाठी कोड लिहितात. कोणत्या चॅनेलमध्ये बॉट आहे, तो काय वाचू शकतो आणि त्याने केलेल्या बदलांना मंजुरी कोण देतो, हे व्यवस्थापनांनी लेखी ठरवून त्या ग्राहकांनाही आधीच कळवावे, ही विनंती.

– एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे