बेचाळीस पावलं

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय.

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची विक्री होती. एक डॉलरच्या खोक्यात ते पुस्तक हाती लागलं. पुठ्ठा निखळलेला, सुरुवातीची पानं गायब, त्यामुळे ना नाव ना साल. मुलांच्या खेळांचं आहे एवढं चाळून कळलं. मी ते परत ठेवत होते, तेवढ्यात पैसे घ्यायला बसलेल्या तुम्ही 'राउंडर्स'चं पान उघडून माझ्यापुढे धरलंत. चार दगड किंवा खुंट, बारा ते वीस यार्डांच्या अंतरावर. एकाने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने टोलवून पळत सुटायचं. "हा तर माझ्या लेकाचा बेसबॉल!" मी म्हणाले. तुम्ही हसलात. "शनिवारी ये, पुढचं दाखवतो."

एका शनिवारचे तीन झाले. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांशी पानं ताडून पाहत तुम्ही शोधून काढलंत, की हे 'द बॉइज ओन बुक'. लंडनला 1828 मध्ये निघालेलं, पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये छापलेलं. मग 1834चं रॉबिन कार्व्हर यांचं बोस्टनचं पुस्तक उघडलंत. पेन्सिलीचं टोक तुम्ही ओळीओळीवरून फिरवत होतात: खेळ तोच, वाक्यंही जवळपास तीच, फक्त वर नाव 'बेस, ऑर गोल बॉल'. माझ्या अंगावर काटा आला, खरंच.

कारण तोवर मला एकच गोष्ट माहीत होती, लेकानेच सांगितलेली: 1839 साली कूपर्सटाउनमध्ये ॲबनर डबलडे यांनी बेसबॉल शोधला. तुम्ही शांतपणे सांगितलंत, की खेळाचा उगम शोधायला 1905 साली नेमलेल्या समितीने एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या आठवणीवर भिस्त ठेवून तसं ठरवलं. आणि 1839 मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटला लष्करी शिक्षण घेत होते. 'बेस-बॉल' हा शब्द तर 1744च्या लंडनच्या बालपुस्तकात चित्रासकट आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डने 1791 साली नव्या सभागृहाच्या खिडक्या वाचाव्यात म्हणून 80 यार्डांच्या आत ज्या खेळांना बंदी केली, त्यांतही बेसबॉल आहे.

पण मला सगळ्यात भिडला तो एक नियम. पळणाऱ्याला चेंडू फेकून मारला, की तो बाद. काका, ही तर आपली आबाधुबी! सांगलीच्या बोळात रबरी चेंडूचा पाठीवर उठलेला लाल वळ मला त्या पानावर पुन्हा जाणवला. मग तुम्ही न्यूयॉर्कच्या निकरबॉकर या बेसबॉल क्लबचे 1845चे नियम काढलेत. तेरावा नियम: पळणाऱ्यावर चेंडू फेकायचा नाही. माणसाला मारायचं नसेल तर चेंडू टणक केला तरी चालतो, आणि टणक चेंडू लांब जातो, हे तुम्ही माझ्या दहा वर्षांच्या लेकाला टेबलावर दोन चेंडू ठेवून समजावलंत. माझ्याकडे एवढा धीर नाही.

आणि मग होबोकेन. हा क्लब जिथे खेळायचा, त्या इलिजियन फील्ड्स मैदानाच्या जागी आता रस्ते आणि इमारती आहेत. तिथे 19 जून 1846 ला निकरबॉकर संघ 23-1 असा हरला. लेकाने विचारलं, "पण बेस कुठे होते?" तुम्ही खिशातून नियमांची घडी काढलीत. होमपासून, म्हणजे चेंडू टोलवायच्या जागेपासून, दुसऱ्या बेसपर्यंत बेचाळीस पावलं. गुडघा दुखत असतानाही वॉशिंग्टन स्ट्रीटच्या फुटपाथवर तुम्ही चालायला लागलात, एकसारखी पावलं टाकत. लेक तुमच्या शेजारून मोठमोठ्याने मोजत होता. विसापर्यंत मराठीत, पुढे इंग्रजीत. शेवटच्या पावलावर तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "बेचाळीस." तोही म्हणाला, "बेचाळीस."

मनापासून आभार, काका.

तुमची,
एक डॉलरचं पुस्तक नेणारी